पाणीपुरवठ्याचं टेबल: नळाच्या अर्जापासून कार्यभार सोडेपर्यंत

नगरपरिषदेत लिपिक म्हणून रुजू झाल्यावर पाणीपुरवठ्याचं टेबल सहसा लगेच मिळत नाही. आधी आवक-जावक, मग जन्म-मृत्यू नोंदणी किंवा आस्थापना. पुढे पाणीपट्टी बघणारे कुणी निवृत्त झाले की ‘अतिरिक्त कार्यभार’ असा शेरा असलेला आदेश हातात पडतो. अतिरिक्त म्हणून आलेलं हे टेबल वर्षानुवर्षं सुटत नाही, कारण दुसऱ्या कुणाला ते नको असतं. लोक रोज येतात, नगरसेवकांचे फोन रोज येतात आणि मार्चात रविवार नसतो.

लिपिक-टंकलेखकाची पात्रता सगळ्यांना माहीत असते: पदवी, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टंकलेखन, एमएस-सीआयटी. वेतनस्तर एस-६, म्हणजे मूळ वेतन १९,९०० पासून. सरळसेवा, अनुकंपा किंवा शिपायाच्या पदावरून पदोन्नती, कुठल्याही वाटेने आलात तरी नळाची नोंदवही कशी लिहायची हे कुठल्याच परीक्षेत विचारलेलं नसतं. ते टेबलावरच शिकावं लागतं. पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी स्वतःच्या कपाटात आणून ठेवाव्यात: १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाची प्रत, आपल्या गावचे नळजोडणीचे उपविधी आणि दर ठरवणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या ठरावांच्या सत्यप्रती. तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्मीळ. चालू दर कोणत्या ठरावाने, कोणत्या तारखेपासून लागू झाला हे काउंटरवर कुणी विचारलं तर ‘पहिल्यापासून हाच आहे’ हे उत्तर चालत नाही. ऑडिटला तर नाहीच नाही.

या टेबलाचं खरं काम बिलं काढणं नव्हे. जमिनीखाली जेवढ्या जोडण्या आहेत तेवढ्याच ओळी नोंदवहीत असल्या पाहिजेत, आणि प्रत्येक ओळीतला व्यास, वापर आणि नाव जागेवरच्या वस्तुस्थितीशी जुळलं पाहिजे. बाकी सगळी डोकेदुखी, म्हणजे वसुली, तक्रारी, न्यायालयीन प्रकरणं आणि लेखाआक्षेप, या दोहोंत पडलेल्या फरकातून निघते.

फरक पडायला सुरुवात नवीन जोडणीपासूनच होते. अर्ज आता ‘आपले सरकार’ पोर्टलवरून येतो किंवा खिडकीवर. नळजोडणी, मालकी हक्कात बदल, जोडणीच्या आकारात बदल, वापरात बदल, खंडित करणं, पुनर्जोडणी, थकबाकी नसल्याचा दाखला, या सगळ्या लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहेत. मुदत चुकली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. म्हणून अर्जाची पोच देण्याआधीच कागद तपासावेत: कर आकारणी उतारा, मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती, मालकीचा पुरावा, भाडेकरू असेल तर मालकाची लेखी संमती. अपुरा अर्ज घेऊन ठेवला आणि त्रुटी शेवटच्या दिवशी कळवली तर मुदतीचं घड्याळ आपल्याच अंगावर येतं. त्रुटीपत्र एकदाच द्यावं आणि त्यात सगळ्या त्रुटी लिहाव्यात. एकेक कागद मागत बसणं हा अर्जदारावर अन्याय आहेच, शिवाय पहिल्या अपिलात ते सरळ दिसून येतं.

मग फिटरची स्थळपाहणी. छापील अहवालात रकाने कितीही असोत, चार गोष्टी त्यात हव्यातच: वितरण नलिकेचा व्यास, तिच्यापासून घरापर्यंतचं अंतर मीटरमध्ये, मधल्या रस्त्याचा प्रकार (मुरूम, डांबरी की काँक्रीट) आणि गटार ओलांडावं लागतं का. या चारांवरच रस्ता दुरुस्तीचा खर्च ठरतो. पाहणी कचेरीत बसून झाली की ‘अंतर ६ मीटर’ असं गोल उत्तर येतं, प्रत्यक्षात ११ निघतं आणि फरकाची रक्कम कुणाच्या खिशातून हा वाद सुरू होतो. अर्जासोबत हाताने काढलेला नकाशा जोडायला लावला, शेजारचे मालमत्ता क्रमांक त्यावर लिहायला लावले की निम्मे वाद मिटतात. दहा वर्षांनी गळती शोधताना तोच कागद कामाला येतो.

रक्कम भरून घेताना तिचे तुकडे वेगवेगळ्या लेखाशीर्षात जायला हवेत. जोडणी शुल्क हे उत्पन्न. रस्ता दुरुस्ती शुल्क बांधकामाकडच्या शीर्षात. अनामत हे उत्पन्न नव्हे, ते देणं आहे. ते अनामत नोंदवहीत पावती क्रमांकासह चढलं पाहिजे. घाईत सगळी रक्कम ‘पाणीपट्टी’ला जमा केली की त्या वर्षी वसुली छान दिसते. पुढे कुणी जोडणी बंद करून अनामत परत मागितली की नोंदवहीत ती सापडतच नाही.

जोडणीचं काम लिपिकाचं नाही, पण ते कसं होतं हे ठाऊक असल्याशिवाय तक्रारी समजत नाहीत. घरगुती जोडणी साधारण १५ मिलिमीटरची, म्हणजे अर्धा इंची. नलिकेवर सॅडल (पकडपट्टा) बसवून वरच्या बाजूने भोक पाडतात आणि पितळी फेरूल (घराकडे पाणी घेणारा जोड) लावतात. भोक खालच्या अंगाला पाडलं तर तळाशी बसलेला गाळ थेट घरात येतो. फेरूलपासून एमडीपीई (प्लास्टिकचा) किंवा जीआय (जस्तलेपित लोखंडी) पाइप, घराजवळ स्टॉप कॉक (पाणी बंद करायची चावी), मग मीटर. गटार ओलांडताना पाइप वेगळ्या मोठ्या पाइपात घालून न्यायचा असतो. तो गटारातूनच आडवा नेलेला असेल तर आज ना उद्या ‘पाण्याला वास येतो’ ही तक्रार आपल्याच टेबलावर येणार हे धरून चालावं.

यानंतरची पायरी सगळ्यात जास्त चुकते. काम झालं, पाणी आलं, अर्जदार खूश. पण फिटरने काम पूर्ण झाल्याचा अहवाल परत दिला नाही तर जोडणी मागणीत, म्हणजे बिल काढायच्या यादीत, येत नाही. पाणी वाहत राहतं, बिल निघत नाही. काही वर्षांनी ऑडिटर जोडणी आदेशांची फाइल आणि मागणी नोंदवही शेजारी ठेवतो आणि ‘मागणीत न घेतलेल्या जोडण्या’ असा परिच्छेद लिहून टाकतो. तोवर मागील सगळ्या वर्षांची पट्टी एकदम मागायची वेळ आलेली असते आणि लोक चिडतात, त्यात त्यांचं चूक काहीच नाही. उपाय साधा आहे: जोडणी आदेशांची एक वेगळी यादी ठेवायची, दर महिन्याच्या शेवटी ज्या आदेशासमोर काम पूर्ण झाल्याची तारीख नाही तो फिटरला विचारायचा आणि ग्राहक क्रमांक त्याच दिवशी द्यायचा. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. जोडणी जागेवर तोडली पण नोंदवहीत चालू राहिली, तर दरवर्षी खोटी मागणी वाढते आणि थकबाकीचा डोंगर दिसतो. असा डोंगर ‘निर्लेखित’ करायला, म्हणजे हिशेबातून काढून टाकायला, प्रत्येक ओळीमागे पंचनामा आणि सक्षम मंजुरी लागते. जुन्या थकबाकीतला मोठा भाग न देणाऱ्या माणसांचा नसून न उरलेल्या नळांचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्राहक क्रमांकाबद्दल एक सांगतो. तो कधीही मालमत्ता क्रमांकावरून किंवा प्रभागावरून बनवू नये. नगरपरिषदेत मालमत्तांची आकारणी दर चार वर्षांनी नव्याने होते, त्या वेळी क्रमांक बदलू शकतात. निवडणुकीआधी प्रभाग बदलतात. पाण्याच्या नोंदवहीत जुना मालमत्ता क्रमांक तसाच राहिला की दोन्ही खाती एकमेकांना ओळखत नाहीत. नळाला स्वतःचा, कायमचा क्रमांक द्यावा आणि मालमत्ता क्रमांक हा शेजारचा, बदलता येणारा रकाना ठेवावा. नवी आकारणी यादी आली की जुना-नवा क्रमांक असा तक्ता करविभागाकडून तेव्हाच मागून घ्यावा. सहा महिन्यांनी तो कुणाकडेच नसतो.

मागणी-वसुली पत्रक हा या टेबलाचा आरसा. समजा मागील थकबाकी ६२ लाख, चालू मागणी ८८ लाख, एकूण दीड कोटी. वर्षभरात ९० लाख आले, त्यांतले ३० लाख थकबाकीचे, ६० लाख चालूचे. एकूण वसुली ६० टक्के, चालूची ६८ टक्के. बैठकीत कुठला आकडा विचारलाय हे ऐकून मगच उत्तर द्यावं. वर्षअखेर ६० लाख बाकी राहिले, तर १ एप्रिलची आरंभीची थकबाकी ६० लाखच हवी, ५९ नको आणि ६१ नको. आणि ही ६० लाखांची बेरीज ग्राहकनिहाय थकबाकी यादीच्या बेरजेशी जुळायला हवी. बहुतेक ठिकाणी इथेच गाडी अडते, कारण मधल्या काळात कुणीतरी सूट, दुरुस्ती किंवा दुबार बिल रद्द करणं संगणकात केलेलं असतं पण त्याचा आदेश फाइलला नसतो. संगणकात मागणी कमी करायची तर आदेश क्रमांक टाकल्याशिवाय ती नोंद पुढे जाऊ नये, अशी सोय करून घ्यावी. सोय नसेल तर निदान एक वही.

पाणीपट्टी नक्की कोणती, हाही गोंधळ असतो. सर्वसाधारण पाणीपट्टी मालमत्तेवर बसते, तर विशेष पाणीपट्टी नळ घेतलेल्यावर. ‘माझ्याकडे नळच नाही, मग पट्टी कसली?’ असं विचारणाऱ्याला कोणती पट्टी लागली आहे ते आधी बघावं. मालमत्ता करावरची दरमहा २ टक्के शास्ती आणि पाण्याच्या उपविधीतला विलंब आकार हेही वेगळे. दोन्ही एकाच दराने लावायचा मोह टाळावा.

जिथे मीटर आहेत तिथे वाचनाच्या चुका ठरावीक असतात. मीटरवरचे काळे आकडे घनमीटर दाखवतात, लाल आकडे त्याखालचे लिटर. नव्या माणसाने लाल आकडेही धरून वाचन लिहिलं की बिल अवाच्या सवा येतं. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. पाच माणसांच्या घराला, माणशी दिवसाला १३५ लिटर या शहरी प्रमाणाने, महिन्याला २० घनमीटरच्या आसपास पाणी लागतं. बिलात ४०० दिसले तर ते छापण्याआधी थांबवावं. दुसरी तक्रार हवेची. आपल्याकडे पाणी तासभर येतं, उरलेला वेळ नलिका रिकामी. पाणी सुटलं की आधी हवा ढकलली जाते आणि ती मीटर फिरवते. ग्राहक म्हणतो ते खोटं नसतं. नलिकेवर एअर व्हॉल्व नीट असतील तर ते बरंच कमी होतं. कराडजवळच्या मलकापूरने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणासोबत चोवीस तास पाणी, मीटर आणि वापर वाढेल तसा चढता दर हे एकत्र आणलं, म्हणून तिथे मीटर टिकले. नलिका सतत भरलेली ठेवल्याशिवाय नुसते मीटर बसवणं म्हणजे भांडण विकत घेणं. मीटर बंद असेल तर सरासरी बिल काढतात. ते किती महिने चालू ठेवायचं हे उपविधीत असतं आणि त्यापुढे सरासरीवर बिल लावत राहिलं तर ते ग्राहक आयोगात टिकत नाही.

रोखीचं काम थोडक्यात. पैसे आधी थकबाकीला, मग चालूला. रद्द पावतीच्या सगळ्या प्रती वहीतच, आडव्या रेघेसह. दिवसाची रोकड त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी बँकेत. चार दिवस कपाटात राहिली तर ऑडिटर त्याला ‘तात्पुरता अपहार’ म्हणतो आणि तो शब्द सेवापुस्तकापर्यंत पोचतो. न वटलेल्या धनादेशाची पावती उलटवायची नोंद तत्काळ, नाहीतर थकबाकीदार ‘भरलं’ म्हणून पावती दाखवतो. क्यूआर कोड आल्यापासून एक नवं दुखणं आहे: लोक ग्राहक क्रमांक न टाकता पैसे पाठवतात. असे पैसे निलंबन खात्यात, म्हणजे कुणाचे ते कळेपर्यंत ठेवायच्या खात्यात, पडून राहतात. बँकेच्या विवरणातला संदर्भ क्रमांक आणि काउंटरवर दाखवलेला मोबाइलचा फोटो जुळवून ते आठवड्याला निकाली काढावेत.

वसुली डिसेंबरात सुरू करावी. बिल, मग मागणीची नोटीस, मग जप्तीचं अधिपत्र, हा क्रम कायद्याचा आहे. मार्चच्या वीस तारखेला तिन्ही एकदम करता येत नाहीत. सरकारी कार्यालयांची बिलं तर डिसेंबरच्या आतच द्यावीत, कारण त्यांचं सुधारित अंदाजपत्रक त्याच सुमारास जातं. मार्चात बिल गेलं की ‘तरतूद नाही’ हे उत्तर ठरलेलं. वसतिगृह, शाळा, पोलीस वसाहत यांचा नळ तोडणं व्यवहारात होत नाही, म्हणून तिथे कागद वेळेवर जाणं हाच एक मार्ग. खाजगी थकबाकीदाराचा नळ तोडायचा तर फेरूलवरच तोडावा आणि दोन पंचांच्या सह्या घ्याव्यात. नुसता स्टॉप कॉक बंद करून आलं तर संध्याकाळी तो पुन्हा सुरू होतो आणि पथक हसं होऊन परततं.

तक्रार वहीबद्दल बोलायचं तर ‘पाणी गढूळ’ एवढंच लिहून फिटरला पाठवू नये. चार प्रश्न विचारावेत. फक्त तुमच्याकडे की पूर्ण गल्लीत? सुरुवातीची पाच मिनिटं की शेवटपर्यंत? वास आहे का? कधीपासून? एकाच घरात असेल तर दोष घराच्या पाइपात. पूर्ण गल्लीत असेल तर नलिकेत किंवा व्हॉल्वच्या खड्ड्यात. सुरुवातीलाच असेल तर रिकाम्या नलिकेत गळतीच्या भोकातून बाहेरचं पाणी ओढलं जातंय. शेवटपर्यंत असेल तर टाकी किंवा शुद्धीकरण केंद्राकडे बघायचं. या चार उत्तरांवर फिटर योग्य जागी खणतो. नमुना घ्यायचा असेल तर निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, कारण तिच्यात क्लोरीन मारणारं थायोसल्फेट घातलेलं असतं. घरची धुतलेली बाटली चालत नाही, आणि नमुना चोवीस तासांच्या आत पोचला पाहिजे. ग्राहकाच्या नळाला ओ.टी. (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उर्वरित क्लोरीन दिसायला हवा. तो रोजच्या नोंदीत दर ठिकाणी, दर दिवशी एकसारखाच ०.२ लिहिलेला असेल तर चाचणी झालेलीच नाही असं समजावं.

टीसीएलच्या, म्हणजे पाण्यात टाकायच्या ब्लीचिंग पावडरीच्या, साठा नोंदवहीवर सही आपली असते, म्हणून हिशेब यायला हवा. १० लाख लिटर पाण्याला २ मिलिग्रॅम प्रति लिटर मात्रेने २ किलो क्लोरीन लागतो. पावडरीत २५ टक्के क्लोरीन असेल तर ८ किलो पावडर, २० टक्के असेल तर १०. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि दमट खोलीत तो झपाट्याने उडतो. म्हणून आधी आलेली गोणी आधी वापरायची, आणि खरेदी सहा महिन्यांची एकदम नको, स्वस्त पडत असली तरी. सोडलेलं पाणी आणि खर्ची पडलेली पावडर यांचं प्रमाण महिनाभर बघितलं की नोंदवही खरी की सोयीची ते कळतं. टँकरच्या फेऱ्यांनाही हीच नजर लावावी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेल्या पहिल्या रेल्वेगाडीत १० वाघिणी होत्या, पाणी सुमारे ५ लाख लिटर. माणशी १३५ लिटरने ते जेमतेम ३,७०० लोकांचं एका दिवसाचं पाणी. हे प्रमाण डोक्यात असलं की ‘वस्तीला वीस टँकर गेले’ हा आकडा तपासता येतो.

नगरपरिषदेने भरायची मोठी बिलं दोनच: महावितरणचं आणि जलसंपदा विभागाचं. विजेच्या बिलाची तत्पर भरणा सवलत काही दिवसांपुरतीच असते आणि आपली टिपणी लेखा विभागातून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत जायला तेवढे दिवस लागतातच. म्हणून टिपणी आधीच लिहून, रक्कम रिकामी ठेवून तयार ठेवावी. जलसंपदाकडे मंजूर कोट्याचा करारनामा संपण्याआधी नूतनीकरणाचं पत्र जायला हवं. करार नसेल किंवा उचल कोट्यापेक्षा जास्त दिसली तर दंडनीय दर लागतो. उद्भवाजवळचा (पाणी उचलतो तिथला) मीटर बंद असेल तर ते पंपाची क्षमता गुणिले तास असा हिशेब धरतात आणि तो जवळजवळ नेहमीच आपल्या विरुद्ध जातो. लॉगबुकात वीज गेल्याच्या वेळा लिहिलेल्या असतील तरच तास कमी करून घेता येतात.

बढतीचं म्हणाल तर वरिष्ठ लिपिक, म्हणजे एस-८ (२५,५०० पासून), मग अधीक्षक. नाहीतर बढतीऐवजी वरचं वेतन देणाऱ्या, १०, २० आणि ३० वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेवर समाधान. नगरपरिषद राज्यसेवेतल्या कर निर्धारण व प्रशासकीय सेवेत जाण्याचा रस्ताही आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेच्या एलजीएस, एलएसजीडी या पदविका बरेच जण करतात. लेखा संहिता त्या निमित्ताने तरी नीट वाचली जाते.

टेबल बदलताना कार्यभार यादी स्वतः लिहावी, दुसऱ्याने लिहिलेल्या यादीवर सही करू नये. तिच्यात वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं क्रमांकासह, हातातली शिल्लक, अनामत नोंदवहीची बेरीज, ग्राहकनिहाय थकबाकीची बेरीज, न्यायालयातील प्रकरणं, निकाली न निघालेले लेखाआक्षेप आणि कपाटाच्या किल्ल्या हव्यात. अभिलेख जपण्याच्या मुदतीनुसार अ, ब, क, क-१, ड असा लावून, मुदत संपलेला ड वर्गाचा गठ्ठा रीतसर नष्ट करून द्यावा. एखादं जरी कोरं पावती पुस्तक यादीतून सुटलं आणि पुढे कधी सापडलं नाही, तर निवृत्तीच्या वेळी ना-देय दाखला तिथेच अडतो आणि उपदान (ग्रॅच्युइटी) थांबतं. अशा वेळी दहा वर्षांपूर्वीची ती यादी, समोरच्याच्या सहीसह आणि तारखेसह, आपल्या घरच्या फाइलमध्ये असावी. कार्यालयातली प्रत मिळेलच असं नाही.